पुस्तक मिटल्यावर काय आठवतं?

गणपतीच्या सुट्टीच्या आसपास कॉलेजांत पहिल्या चाचण्या होतात आणि लगोलग या सदराकडे प्रथम वर्षाच्या मुलांची पत्रं यायला लागतात. यंदा ती बरीच आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. मी परळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं देण्या-घेण्याच्या काउंटरवरून समोरची रीडिंग रूम पूर्ण दिसते, आणि मुलं अभ्यास करतात म्हणजे नक्की काय करतात हे वर्षानुवर्षं पाहत आले आहे. ‘अभ्यास कर’ असं या मुलांना घरी, शाळेत, क्लासमध्ये हजारदा सांगितलं गेलेलं असतं. कसा करायचा, हे सांगितलेलं फारसं आढळत नाही. बारावीपर्यंत क्लासच्या नोट्सवर निभावून जातं. कॉलेजात तो आधार सुटतो आणि हुशार, कष्टाळू मुलंसुद्धा स्वतःवर शंका घ्यायला लागतात. ते मला बघवत नाही.

प्रश्न : मी दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. बारावीला कला शाखेत ७८ टक्के मिळाले. आता बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं आहे. मॅडम इंग्रजीत शिकवतात. जमेल तेवढं सगळं मी उतरवून घेते, घरी येऊन तीन-तीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळींवर हायलाइटर मारते. वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं. पण चाचणीत २० पैकी ६ मिळाले. बाकीच्या मुली माझ्याहून कमी वाचतात. मी मठ्ठ आहे का? 
— विद्यार्थिनी, करी रोड

उत्तर : आपलं कुठे अडतंय हे इतक्या नेमकेपणाने लिहिणारी मुलगी मठ्ठ नसते. तो प्रश्न आधी डोक्यातून काढून टाक.

‘वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं’ या तुझ्या वाक्यापाशी मी थांबले. तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या झालेल्या असतात आणि ती ओळख आपल्याला ज्ञानासारखी भासते. रोजच्या गाडीला लेडीज डब्यात समोर बसणारी बाई तू लगेच ओळखशील, पण तिच्या पर्सचा रंग विचारला तर सांगता येईल का? परीक्षेत वही समोर नसते, आतून काढून लिहावं लागतं. तू रोज घरी सराव करतेस तो ओळखण्याचा, आणि परीक्षेत काम पडतं ते आठवण्याचं.

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना सूर्याबद्दल आणि समुद्री पाणमांजरांबद्दल छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. त्याच संशोधनाच्या दुसऱ्या भागात पुन्हापुन्हा वाचणाऱ्या मुलांना आपल्या लक्षात राहील याची खात्री जास्त होती आणि प्रत्यक्षात राहिलं मात्र कमी. तुझ्या पत्रात हेच आहे. हायलाइटरचंही तसंच. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा रीतींचा आढावा घेतला, त्यात रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं यांचा उपयोग कमी ठरला. स्वतःची परीक्षा घेणं आणि दिवस सोडून उजळणी करणं या दोन रीती सगळ्यांत वर होत्या.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. समज, आज लेक्चर मागणीच्या लवचीकतेवर झालं. घरी आल्यावर वही एकदाच वाच, सावकाश. मग ती मिट, दप्तरात टाक, आणि कोऱ्या कागदावर निळ्या पेनाने आठवेल ते लिही. पहिल्या दिवशी बहुतेक एवढंच उतरेल : ‘किंमत वाढली की मागणी घटते. किती घटते त्याचं सूत्र आहे. मिठाचं उदाहरण दिलं.’ अडीच ओळी. घाबरू नकोस आणि लगेच वहीकडे धावू नकोस. दोन-तीन मिनिटं नुसती बस, आणखी एखादी गोष्ट वर येते. हे ताणणंच कामाचं आहे. त्यानंतर वही उघड आणि राहिलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भर : सूत्रात वर मागणीतला शेकडा बदल, खाली किमतीतला शेकडा बदल. मिठाची मागणी कमी लवचीक, कारण त्याला पर्याय नाही आणि घरखर्चातला त्याचा वाटा अगदी लहान. कागदावर जे लाल दिसतंय तेवढाच तुझा उद्याचा अभ्यास. निळं तुला येतं, त्यावर वेळ घालवू नकोस.

यानंतर एक उदाहरण स्वतःचं बनव. ही पायरी मुलं हमखास सोडतात आणि खरी समज इथेच येते. स्टेशनबाहेरच्या गाडीवर वडापाव १५ रुपयांचा १८ झाला, म्हणजे किंमत २० टक्के वाढली. दिवसाला २०० खपायचे ते १८० खपू लागले, म्हणजे मागणी १० टक्के घटली. दहाला विसाने भागलं की ०.५ येतात. उत्तर एकाहून कमी, म्हणून मागणी कमी लवचीक. आता गाडीवाल्याचा गल्ला बघ. आधी २०० गुणिले १५, म्हणजे ३,००० रुपये. आता १८० गुणिले १८, म्हणजे ३,२४०. वडे कमी खपले तरी पैसे जास्त आले. भाव वाढवायला त्याची हिंमत का होते, हे तुला सूत्रातून कळलं. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, तू तुझे घे. असं एक उदाहरण स्वतः सोडवलंस की दहा गुणांच्या प्रश्नात काय लिहायचं, हा पेच राहत नाही.

लेक्चरमध्ये सगळं उतरवून घेणं मात्र थांबव. हात धावत असला की कान आणि डोकं मागे पडतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९५० च्या दशकात मुलांसाठी वहीच्या पानाची एक मांडणी तयार केली, ती मला फार उपयोगी वाटते. फुलस्केप वहीच्या पानावर डावीकडे समासाहून रुंद, साधारण चार बोटांची पट्टी आखायची. लेक्चरमध्ये उजवीकडेच लिहायचं, तेही तुटक : शब्द, बाण, आकृती, उदाहरण. डावी पट्टी रिकामी. त्याच संध्याकाळी त्या पट्टीत प्रश्न लिहायचे : ‘लवचीकता म्हणजे काय?’, ‘मीठ आणि सोनं यांत फरक का पडतो?’ पानाच्या तळाशी दोन ओळींत सार. पुढे उजळणी करताना उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मैत्रिणीकडून झेरॉक्स मागत फिरावं लागणार नाही, कारण प्रश्नसंच तुझ्याच वहीत तयार असेल.

आणि इंग्रजी. संकल्पना मराठीत समजून घे, अगदी निःसंकोच. ज्या भाषेत तू आईशी भांडतेस त्या भाषेत तुझं डोकं सगळ्यांत चांगलं चालतं. शासनाच्या भाषा संचालनालयाने अर्थशास्त्राचा परिभाषा कोश काढलेला आहे, तुमच्या ग्रंथालयात विचार. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, त्यातली नोंद आधी वाचलीस तर इंग्रजी पुस्तकातलं तेच प्रकरण निम्मं सोपं होतं. वहीच्या शेवटच्या पानांवर संज्ञांच्या जोड्या लिहीत जा, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. आठवड्याला आठ-दहा पुरेत. पाठ्यपुस्तकाची भाषा अवघड दिसते, पण तेच तेच शब्द फिरून येत असतात. काही अभ्यासक्रमांत उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. तुझ्या विषयाला ती सोय आहे का, हे परीक्षा विभागात स्वतः जाऊन विचार, मैत्रिणींच्या सांगण्यावर विसंबू नकोस.

शेवटी मॅडमना भेट. ‘मला काहीच कळत नाही’ असं म्हणालीस तर त्या तरी काय करणार? लाल पेनाचा कागद घेऊन जा आणि सांग, ‘इथपर्यंत कळलं, या ओळीला अडलं.’ असा कागद घेऊन आलेल्या मुलीला शिक्षक कधी परत पाठवत नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीत रोज चार-पाच तास बसायचा. आता सकाळी चार लेक्चर करून दुपारी घरी येतो, आणि ‘कॉलेजात एवढाच अभ्यास असतो’ म्हणतो. उरलेला वेळ मोबाइल. आमची चाळीतली एक खोली, टीव्ही चालू, आजी आजारी. त्याला बोलावं तरी किती? 
— एक वडील, नायगाव

उत्तर : ‘एवढाच अभ्यास असतो’ हे बरोबर नाही, आणि हे तुम्ही त्याला हिशेबाने दाखवू शकता. नव्या शैक्षणिक धोरणानंतर सगळं क्रेडिटवर चालतं. लेक्चरच्या विषयाला एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाची ४० क्रेडिट म्हणजे १,२०० तासांचं शिकणं धरलं आहे, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. वर्गात पंधरा झाले. उरलेले पंधरा कुठे? ते त्याने स्वतः करायचे आहेत : ग्रंथालयात, घरी, प्रकल्पासाठी. तासाला तास, असं सोपं गणित. चार लेक्चर झाली की चार तासांचं काम उरतं. ते वेळापत्रकात छापलेलं नसतं, म्हणून नव्या मुलांना दिसत नाही.

पण दादा, तेवढे तास त्याला घरात बसवायचा हट्ट धरू नका. एका खोलीत, आजारी माणसाच्या शेजारी, अठरा वर्षांचा मुलगा एकाग्र होणं कठीण आहे. तो त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही. मुंबईतली मुलं घराबाहेरच शिकली आहेत. वरळीला सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक अभ्यास गल्ली म्हणतात, कारण बीडीडी चाळींतली मुलं पिढ्यानपिढ्या तिथे रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसत आली. तुम्हाला तर दादर जवळ आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे, तिथे चौकशी करा. महापालिकेच्या आणि मंडळांच्या अभ्यासिका वॉर्डावॉर्डात आहेत. सगळ्यांत जवळची जागा म्हणजे त्याच्याच कॉलेजची रीडिंग रूम. लेक्चर संपल्यावर घरी न येता तिथे दोन तास थांबायचं आणि मोबाइल बंद करून दप्तराच्या तळाशी ठेवायचा. एवढं जमलं तरी सेमिस्टर बदलेल. डबा मात्र दोन पोळ्या जास्तीचा द्या. ‘भूक लागली म्हणून घरी आलो’ हे कारण मी रोज ऐकते.

आणि ‘अभ्यास केलास का?’ विचारण्याऐवजी रात्री जेवताना ‘आज काय शिकवलं ते मला सांग’ म्हणा. तुम्हाला अकाउंट्स येत नसेल तर अधिक चांगलं, कारण मग त्याला सोप्या शब्दांत सांगावं लागेल. आजीलाही ऐकू द्या.

प्रश्न : बी.एस्सी.ला आहे, कॉलेज दादरला. जाऊन-येऊन तीन तास गाडीत जातात. घरी पोचेपर्यंत जीव नसतो. ट्रेनमध्ये वाचायचा प्रयत्न करतो, पण उभ्याने पुस्तक धरता येत नाही. सगळे म्हणतात प्रवासात अभ्यास कर. कसा? 
— विद्यार्थी, विरार

उत्तर : संध्याकाळच्या विरार गाडीत पुस्तक उघडायला सांगणाऱ्यांनी ती गाडी पाहिलेली नसावी. पुस्तक उघडूच नकोस. वर करी रोडच्या मुलीला जे सांगितलं ते तू रिकाम्या हातांनी करू शकतोस.

दादरला चढलास, कुठेतरी टेकलास की डोळे मिटून पहिलं लेक्चर आठव. सर आले, पहिली आकृती कोणती काढली, कोणत्या समीकरणाला थांबून दोनदा समजावलं, कुणी काय प्रश्न विचारला. अंधेरीपर्यंत पहिलं, बोरिवलीपर्यंत दुसरं, वसईपर्यंत प्रॅक्टिकल : काय मिसळलं, रंग कधी बदलला, का बदलला. जिथे अडेल तिथे मोबाइलमध्ये दोन शब्द टाइप कर. घरी पोचल्यावर जेवून फक्त ते अडलेले शब्द वहीत बघायचे. वीस मिनिटांत होतं. नंतर झोप.

त्याच दिवशी का? जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने निरर्थक अक्षरगट पाठ करून, ते किती टिकतात हे स्वतःवर मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यांत वेगाने होतं, पुढे ते मंदावतं, असं त्याला आढळलं. म्हणून परतीच्या गाडीतली आठवण मोलाची. ती घरी पोचायच्या आत होते. त्यानंतर तेच प्रकरण दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने काढ. दर वेळी वेळ कमी लागेल.

सकाळी विरारहून बसायला मिळत असेल तर पत्ते वापर. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून घे. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर : संयुगाचं नाव आणि रचना, नियम आणि त्याची अट. आलेला पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी, न आलेला तिसऱ्या-चौथ्या जागी, म्हणजे तो लवकर फिरून येतो. शर्टाच्या खिशात मावतात. आणि रात्री दोनपर्यंत जागून पहाटेची गाडी पकडणार असशील तर हे सगळं व्यर्थ आहे. झोपेत आठवणी पक्क्या होतात, ती कापून केलेला अभ्यास टिकत नाही.

प्रश्न : आम्हाला पर्यावरण विषयात ‘मिठी नदीचं प्रदूषण’ हा प्रकल्प होता. सगळ्यांनी एआयकडून लिहून घेतला, मीही घेतला. २० पानं, स्पायरल बायंडिंग. सरांनी तोंडी परीक्षेत विचारलं, ‘मिठी उगम कुठे पावते?’ मला सांगता आलं नाही. मी कुर्ल्याला मिठीच्या काठावर राहतो. खूप वाईट वाटलं. प्रकल्प खरा कसा करतात? 
— विद्यार्थी, कुर्ला

उत्तर : वाईट वाटलं ही फार चांगली गोष्ट झाली. पुढचा प्रकल्प तू खरा करशील याची मला खात्री आहे.

आधी सरांच्या प्रश्नाचं उत्तर. विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून मिठी सुरू होते, साधारण १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळते. आता तुझा विषय बघ. ‘मिठी नदीचं प्रदूषण’ हा वीस पानांत न मावणारा विषय आहे, म्हणूनच तो नेटवरून उचलावासा वाटतो. विषय लहान कर. ‘कुर्ल्यातल्या एका पुलाजवळ मिठीत काय टाकलं जातं आणि २६ जुलैच्या पुराबद्दल काठावरच्या लोकांना काय आठवतं.’ पुलावर वेगवेगळ्या वारी, वेगवेगळ्या वेळी उभा राहा, दिसेल ते तारीख-वेळ घालून लिही. शेजारच्या दोन आजोबा-आजींशी बोल, त्यांना आधी सांगून आणि विचारून. हे कुठल्याही एआयकडे नाही, तुझ्याकडेच आहे.

मग ग्रंथालयात ये. २००५ च्या पुराचा आकडा सगळे लिहितात : ‘मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस.’ ग्रंथपाल म्हणून मी विचारीन, कुठे मोजला? तो सांताक्रूझचा २४ तासांचा आकडा आहे. कुलाब्याला त्याच काळात जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. एकाच शहरात एवढा फरक! तू ‘मुंबईत’ लिहिलंस तर वाक्य अर्धवट होतं. ‘सांताक्रूझला’ लिहिलंस की ते भक्कम होतं, आणि कुलाब्याचा आकडा शेजारी ठेवलास की एक नवीन प्रश्न उभा राहतो, ज्यावर प्रकल्पाची दोन पानं सहज होतील. म्हणून आकडा लिहून घेतानाच त्याच्या शेजारी लिही : कुणी लिहिलंय, कशात, कोणत्या वर्षी, कोणत्या पानावर. नंतर शोधीन म्हणालास तर सापडत नाही. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलंस तर अवतरणचिन्हांत घाल. दोन शब्द इकडचे तिकडे करून ते आपलं होत नाही.

शोधायला जागा पुष्कळ आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी मोबाइलवर चालते. ‘शोधगंगा’वर देशभरच्या पीएच.डी.चे प्रबंध वाचायला मिळतात, ते पूर्ण वाचू नकोस, पहिलं प्रकरण आणि संदर्भसूची बघ.

एआयबद्दल तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे तो आधी विचारून घे. काउंटरवर हल्ली मुलं पुस्तकांच्या याद्या घेऊन येतात. लेखक खरा, विषय खरा, पण त्या नावाचं पुस्तक त्या लेखकाने कधी लिहिलेलंच नसतं. यादी एआयने दिलेली असते. आम्ही कॅटलॉग शोधतो, दुसऱ्या कॉलेजांना फोन करतो आणि मुलाचा आठवडा वाया जातो. एआयकडून लिहून घेण्यापेक्षा त्याला सांग, ‘या विषयावर मला दहा प्रश्न विचार.’ उत्तरं तू दे, आणि बरोबर-चूक पुस्तकात तपास.

प्रश्न : गाईड आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ केल्या तर चालेल का? 
— विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर : प्रश्नपत्रिका जरूर घे, पण पाठ करायला नको, सोडवायला. घड्याळ लावून, वही मिटून. अभ्यासक्रम बदलला आहे का, हे मात्र आधी पाहून घे. प्रश्नातलं क्रियापद वाचायची सवय लाव. ‘टीपा लिहा’ला व्याख्या, दोन मुद्दे, एक उदाहरण पुरतं. ‘चर्चा करा’ म्हटलं की दोन्ही बाजू लागतात. ‘टीकात्मक परीक्षण करा’मध्ये तुझं मत आणि त्याचं कारण हवं, ते नसेल तर चार पानं लिहूनही गुण तुटतात. गाईड पाठ करणाऱ्या मुली तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर लिहितात. गाईड वाचायचंच असेल तर मूळ पुस्तक वाचून झाल्यावर, काही सुटलं का ते बघायला वाच.

प्रश्न : मागच्या सेमिस्टरला गणिताची केटी लागली. घरी सांगितलेलं नाही. बाबा रिक्षा चालवतात, फी त्यांनी उसनी काढून भरली. रात्री झोप लागत नाही. लेक्चरला बसवत नाही, लायब्ररीत जाऊन नुसता बसतो. पुन्हा तोच विषय द्यायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. 
— विद्यार्थी, जोगेश्वरी

उत्तर : तुझं पत्र मी सगळ्यांत आधी वाचलं आणि त्याचं उत्तर सगळ्यांत सावकाश लिहिते आहे.

केटी म्हणजे एखादा विषय राहिला तरी पुढचं सत्र चालू ठेवायला मिळालेली परवानगी आहे. वर्ष गेलेलं नाही. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पुष्कळ मुलांच्या मागे कधी ना कधी एखादी केटी असते, कुणी ती सांगत फिरत नाही इतकंच.

घरी या आठवड्यात सांग. बाबांना नाही जमलं तर आधी आईला. उसने पैसे काढून शिकवणाऱ्या माणसाला मुलाने लपवलेल्या निकालाचा त्रास निकालापेक्षा जास्त होतो. सांगताना पुढे काय करणार आहेस तेही सांग, म्हणजे तुलाही बोलायला बळ येईल. झोप लागत नसेल, मन फारच खाली जात असेल, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांनाही भेट. आणि लायब्ररीत बसतोस ना, तर काउंटरवरच्या माणसाला सांग की मला बोलायचंय. आम्ही पुस्तकांशिवाय इतर गोष्टीही ऐकतो.

अभ्यासाची सुरुवात उत्तरपत्रिकेपासून कर. ‘गणित जमत नाही’ हे फार मोठं वाक्य आहे, त्यावर काहीच करता येत नाही. परीक्षा विभागात अर्ज आणि शुल्क भरून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. त्यासाठी निकालानंतर ठरावीक मुदत असते. ती उरली आहे का हे आधी विचार. गेली असेल तर मूळ प्रश्नपत्रिका घे आणि तीच पुन्हा सोडवून शिक्षकांकडून तपासून घे. चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे कारण लिही : सूत्र आठवलं नाही, सूत्र आठवलं पण कुठलं लावायचं कळलं नाही, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. बहुतेक मुलांच्या चुका यातल्या एक-दोन कारणांतच साठलेल्या असतात. सूत्रं विसरत असशील तर विरारच्या मुलाला सांगितलेले पत्ते कर. कुठलं सूत्र लावायचं ते कळत नसेल तर एका प्रकरणाची वीस गणितं ओळीने सोडवू नकोस. तीन प्रकरणांतली मिसळून घे, कारण प्रश्नपत्रिकेत ती मिसळूनच येतात. वेळ कमी पडत असेल तर रोज दोन गणितं, घड्याळ समोर ठेवून. दोनच, पण रोज.

अर्जाच्या मुदती फार थोड्या असतात, म्हणून सोमवारी सकाळी आधी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा. हॉल तिकीट आणि मार्कशीटची झेरॉक्स बरोबर ने.